एक फळी, सहा ग्रंथ आणि बावीसशे वर्षांचा वाद

लायब्ररीत ज्यू धर्मग्रंथ ठेवायचे तर कुठले ठेवायचे, आणि कुणी केलेल्या भाषांतरातले, हा प्रश्न चांगला बावीसशे वर्षं जुना आहे. आणि गंमत म्हणजे तो पहिल्यांदा येतो तो एका ग्रंथपालाच्याच तोंडी.

गोष्ट अशी. इ.स.पू. तिसरं शतक, इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया, राजा दुसरा टॉलेमी. फालेरमचा डेमेट्रियस हा ग्रंथपाल राजाला रिपोर्ट देतो: महाराज, आपल्याकडे दोन लाखांवर गुंडाळ्या जमल्यात, आकडा पाच लाखांवर न्यायचा बेत आहे. पण ज्यू लोकांचे कायद्याचे ग्रंथ मात्र आपल्या संग्रहात नाहीत. ते त्यांच्याच लिपीत आणि त्यांच्याच भाषेत असतात, त्यामुळे भाषांतर करून घ्यावं लागेल. राजा म्हणतो, मग घ्या करून. जेरुसलेमच्या मुख्य पुरोहिताला पत्र जातं. बारा वंशांतले प्रत्येकी सहा असे बहात्तर विद्वान येतात. त्यांना समुद्राकाठी एका बेटावर शांत जागा मिळते, राजेशाही बडदास्त मिळते आणि बरोब्बर बहात्तर दिवसांत काम पूर्ण! आमच्या धंद्यात इतक्या वेळेवर काही डिलिव्हर झाल्याचं कुणी ऐकलंय का? :)

ही गोष्ट 'ॲरिस्टियसचं पत्र' नावाच्या ग्रीक लेखनात आहे. ते बहुधा इ.स.पू. दुसऱ्या शतकातलं, म्हणजे घटनेनंतर बऱ्याच काळानं लिहिलेलं. इतिहासकार त्यावर जसाच्या तसा विश्वास ठेवत नाहीत. डेमेट्रियसची दुसऱ्या टॉलेमीच्या दरबारातून गच्छंतीच झाली होती, हे एक कारण. दुसरं जास्त साधं आहे. अलेक्झांड्रियातले ज्यू तोवर ग्रीक बोलायला लागले होते, हिब्रू मागे पडत चाललं होतं, त्यामुळे ग्रीक भाषांतराची सगळ्यात मोठी गरज राजाला नव्हती, त्यांची त्यांनाच होती. पण भाषांतर झालं हे नक्की. तेच पुढे वाढत वाढत 'सेप्टुअजिंट' झालं. लॅटिनमधल्या 'सत्तर' या आकड्यावरून हे नाव पडलं (वरचे दोन कुठे गेले ते विचारू नका).

खरी गंमत पुढे आहे. पहिल्या शतकातला अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फायलो सांगतो, की या भाषांतराच्या आठवणीसाठी दरवर्षी फारोस बेटावर उत्सव व्हायचा. आणि नंतरच्या काळातल्या रब्बींच्या एका ग्रंथात त्याच दिवसाची तुलना थेट सोन्याच्या वासराची पूजा झाली त्या दिवसाशी केली आहे. ज्यूंच्या आठवणीतला हा सगळ्यात लाजिरवाणा प्रसंग. एका परंपरेनं तर त्या दिवसाचा उपास सांगितला, आणि जगावर तीन दिवस अंधार पडला असं म्हटलं. एकच रिलीज, एकीकडे जत्रा, दुसरीकडे सुतक.

एका भाषांतराचं एवढं दुःख का व्हावं?

एका शब्दाचं उदाहरण घेऊ. यशयाच्या पुस्तकात सातव्या अध्यायात एका स्त्रीला मुलगा होणार असल्याचं सांगितलंय. तिच्यासाठी हिब्रू शब्द आहे 'अल्मा', म्हणजे तरुण स्त्री. ग्रीक भाषांतरात तिथे 'पार्थेनोस' आला, आणि तो शब्द वाचणाऱ्याच्या डोक्यात प्रामुख्यानं 'कौमार्य न भंगलेली' असा अर्थ जागा करतो. पुढे ख्रिस्ती धर्म ग्रीक बायबल वाचतच वाढला आणि हे वाक्य येशूच्या जन्माचं भाकीत ठरलं. ज्यू म्हणत राहिले, की अहो, मूळ शब्द बघा. ख्रिस्ती म्हणत राहिले, की अहो, हे भाषांतर तुमच्याच लोकांनी केलंय ना? मराठीत 'तरुणी' लिहायचं की 'कुमारी', एवढाच फरक. पण त्या फरकावर दोन धर्म वेगळे होतात. हे सगळं प्राचीन आहे असं वाटत असेल तर १९५२ साल बघा. अमेरिकेत रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जन या ख्रिस्ती भाषांतरानं तिथे 'तरुण स्त्री' असं छापलं, तेव्हा एका पाद्र्यानं ते पान जाहीरपणे जाळलं होतं.

हे सगळं मी का वाचत बसलो ते सांगतो. एका छोट्या सार्वजनिक वाचनालयाच्या कॅटलॉगचं सॉफ्टवेअर मी फावल्या वेळात सांभाळतो. तिथे 'जगातले धर्म' अशी एक फळी लावायचं ठरलं आणि ज्यू धर्माचा भाग माझ्याकडे आला. अट अशी की सहाच्या वर पुस्तकं नकोत. यादीत त्या धर्मापुढे आधीच कुणीतरी एक नोंद करून ठेवली होती: 'जुना करार – उपलब्ध'. म्हणजे काम झालं, असं कुणालाही वाटावं.

पण 'जुना करार' हे नावच मुळी एका बाजूचं आहे. नवा करार मानला तरच आधीचा जुना होतो! ज्यू लोक आपल्या ग्रंथाला 'तनाख' म्हणतात. हे आद्याक्षरांचं नाव आहे: तोरा (मोशेची पाच पुस्तकं), नेवीईम (संदेष्टे) आणि केतुवीम (इतर लेखन). ज्यूंच्या मोजणीत पुस्तकं चोवीस, प्रॉटेस्टंट जुन्या करारात एकोणचाळीस. मजकूर तोच आहे, फक्त तुकडे वेगळे पाडलेत. पण क्रम वेगळा आहे, आणि क्रमानं अर्थ बदलतो. ख्रिस्ती जुना करार संपतो मलाखी या संदेष्ट्यावर, कुणीतरी येणार आहे अशा अपेक्षेवर. पान उलटलं की नवा करार, 'आला' म्हणून! छापील तनाख बहुधा इतिहासाच्या पुस्तकावर संपतो. इराणचा राजा सायरस निर्वासितांना जेरुसलेमला परत जायची मुभा देतो, तिथे. एकाचा शेवट तारणहाराकडे बघतो, दुसऱ्याचा घराकडे. डेटा तोच आणि सॉर्ट ऑर्डर वेगळी असली की रिपोर्ट कसा बदलतो, हे आपल्यापैकी प्रत्येकानं कधीतरी पाहिलेलं असतं.

शिवाय वाचनालयांचा स्वतःचाही एक पूर्वग्रह असतो, आणि तो आकड्यांत असतो. मेल्विल ड्यूईनं १८७६ मध्ये पुस्तकांच्या वर्गीकरणाची दशांश पद्धत आणली. तिच्यात धर्माला २०० ते २९९ हे आकडे आहेत. त्यातले २२० ते २८९ हे बायबल आणि ख्रिस्ती धर्म यांनाच दिलेत. उरलेल्या जगाला २९० ची दहा घरं. हिंदू धर्म २९४.५, ज्यू धर्म २९६, इस्लाम २९७. त्यामुळे गीता दशांश चिन्हाच्या पलीकडे अंग चोरून बसते. आणि ज्यू धर्माचे तर चक्क दोन तुकडे होतात. तनाख जातो २२१ ला, बायबलच्या घरात. आणि तालमूद ७५ घरं पलीकडे, २९६.१२ ला. जो धर्म या दोघांना एकाच श्वासात वाचतो, त्याची अशी फाळणी! ज्यू ग्रंथालयांनी म्हणूनच स्वतःच्या वर्गीकरण पद्धती बनवल्या. आमच्या फळीवर मी एवढंच केलं, की आकडे गुंडाळून ठेवून दोन्ही शेजारी-शेजारी लावले. आकडा हा पत्ता आहे, निवाडा नव्हे.

आता तालमूद. बाहेरच्या माणसाला ज्यू धर्म म्हणजे बायबल असं वाटतं. पण रोजच्या जगण्यात हा धर्म तालमूदमधून वाचलेला तनाख आहे. साधारण इ.स. २०० च्या सुमारास रब्बी यहुदा हानासी यांनी तोंडी चालत आलेले नियम एकत्र केले. तो मिश्ना, सहा विभाग आणि त्रेसष्ट प्रकरणग्रंथ. त्यावर पुढची काही शतकं बाबिलोनच्या पाठशाळांमध्ये जी चर्चा, भांडणं, कोट्या, गोष्टी आणि कोर्टकज्जे झाले, ते सगळं मिळून बाबिलोनी तालमूद. त्यात निकालाइतकीच हरलेल्या बाजूचीही नोंद आहे. कोण काय म्हणाला, का म्हणाला, आणि तरी ते का मान्य झालं नाही. इतक्या शिस्तीत ठेवलेली कमेंट हिस्टरी मी कुठल्याही प्रोजेक्टमध्ये पाहिलेली नाही.

आणि त्याचं पान! मध्ये मूळ मजकूर, आतल्या बाजूला अकराव्या शतकातल्या फ्रान्सच्या राशींची टीका, बाहेरच्या बाजूला त्यांच्या नातवांच्या पिढीपासूनच्या पंडितांनी राशींशी घातलेला वाद. आपल्याकडच्या जुन्या पोथ्यांमध्ये मध्ये मूळ आणि वर-खाली टीका असायची, ते आठवा. छापील तालमूदचं हे पान पक्कं केलं ते एका ख्रिस्ती माणसानं. डॅनियल बॉमबर्ग, अँटवर्पचा, छापखाना व्हेनिसला. १५२० ते १५२३ या काळात त्यानं बाबिलोनी तालमूद पहिल्यांदा पूर्ण छापला. त्याच्या पानांचे आकडे आजही तसेच वापरतात. 'ब्रखोत २अ' म्हटलं की न्यूयॉर्क असो की जेरुसलेम, सगळे त्याच ओळींवर येतात. पाचशे वर्षं न तुटलेली लिंक! (प्रत्येक प्रकरणग्रंथ पान २ पासून सुरू होतो, कारण पहिलं पान शीर्षकाचं. मोजणी शून्यापासून की एकपासून, या आपल्या वादात हे तिसरंच उत्तर.)

पण हाच ग्रंथ युरोपात सगळ्यात जास्त जाळला गेला. १२४० मध्ये पॅरिसला तालमूदवर रीतसर खटला चालला आणि १२४२ मध्ये गाड्या भरभरून हस्तलिखितं आगीत गेली. १५५३ मध्ये रोमच्या चौकात, ज्यू नववर्षाच्या दिवशी, पुन्हा तेच. त्याच वर्षी व्हेनिसमध्येही, जिथे तीस वर्षांपूर्वी तो अभिमानानं छापला होता! या सगळ्यातून बाबिलोनी तालमूदचं जवळजवळ पूर्ण असं एकच जुनं हस्तलिखित वाचलं. १३४२ मध्ये लिहिलेलं, आज ते म्यूनिकच्या ग्रंथालयात आहे. मोठमोठे ग्रंथ एका प्रतीच्या अंतरावर असतात, हे वाक्य आपल्याकडे बॅकअप न घेणाऱ्यांना फ्रेम करून द्यायला हवं.

बॉमबर्गच्या प्रतींचंही एक वेड आहे. जॅक लुंझर नावाच्या लंडनच्या संग्राहकाला वेस्टमिन्स्टर ॲबीकडे असलेला अस्सल संच हवा होता. त्यानं वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. शेवटी १९८० मध्ये ॲबीच्याच स्थापनेशी संबंधित नऊशे वर्षांपूर्वीची सनदेची प्रत मिळवली आणि ती देऊन तालमूद घेतला. तो संच २०१५ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ९३ लाख डॉलरला गेला. आमच्या वाचनालयाचं बजेट यापेक्षा किंचित कमी आहे. असो.

भाषांतरांकडे परत येऊ. ज्यू परंपरेला भाषांतराचं वावडं आहे असं अजिबात नाही. उलट, सभागृहात तोरा वाचताना शेजारी उभं राहून अरामी भाषेत अर्थ सांगायची प्रथा प्राचीन आहे, आणि ओंकेलोसचं अरामी भाषांतर आजही मूळ मजकुराशेजारी छापतात. दहाव्या शतकात सादिया गाओन यांनी अरबी भाषांतर केलं. १७८० ते १७८३ या काळात मोझेस मेंडेलसोननं तोरा जर्मनमध्ये आणली, पण हिब्रू अक्षरांत छापून. त्यावर प्रागच्या रब्बींची तक्रार काय होती माहीत आहे? मुलं जर्मन शिकायला तोरा वापरतील, आणि तोरा जर्मनची मोलकरीण होईल. (इंग्लिश मीडियमच्या वादाचा वास येतोय का?) म्हणजे परंपरेचा हट्ट एवढाच: भाषांतर शेजारी बसू दे, गादीवर नको. तालमूदमध्येच एका रब्बींचं मत आहे, की शब्दाला शब्द ठेवणारा भाषांतरकार खोटं बोलतो आणि पदरचं घालणारा निंदा करतो. मग करायचं काय? तर मूळ समोर उघडं ठेवायचं.

लायब्ररीसाठी याचा सरळ अर्थ निघतो. 'सगळ्यात चांगलं भाषांतर कुठलं?' हा प्रश्नच चुकीचा आहे. एकाच पुस्तकाची दोन वेगळी भाषांतरं, आणि शक्य तिथे समोरासमोर हिब्रू, ही किमान गरज आहे.

निवडीच्या या गप्पा मी मजेत मारतोय, पण याच निवडीचं एक प्रकरण असं आहे, की वाचून दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही.

विल्ना, म्हणजे आजच्या लिथुआनियाची राजधानी विल्नियस. ज्यू विद्येचं इतकं मोठं केंद्र की तिला उत्तरेचं जेरुसलेम म्हणत. रोम कुटुंबाच्या छापखान्यातून १८८० ते १८८६ मध्ये तालमूदची जी आवृत्ती निघाली, तीच आज जगभर प्रमाण मानतात. मातित्याहू स्ट्राशून या विद्वानानं आपला संग्रह समाजाला दिला, आणि त्यातून उभी राहिली स्ट्राशून लायब्ररी. १९४१ च्या जूनमध्ये जर्मन फौजा आल्या. त्यांच्यामागून आलं रोझेनबर्गच्या संघटनेचं पथक, पुस्तकांसाठी. त्यांना ज्यूंचा अभ्यास करायला फ्रँकफुर्टमध्ये ग्रंथालय उभारायचं होतं. ज्यू नसलेल्या जगात ज्यू ग्रंथांची लायब्ररी! पण निवड करायला हिब्रू आणि यिद्दिश जाणणारी माणसं हवीत. म्हणून १९४२ मध्ये घेट्टोमधल्याच कवी, शिक्षक, ग्रंथपालांना कामाला लावलं. कोटा ठरलेला: साधारण तीस टक्के पुस्तकं जर्मनीला, सत्तर टक्के कागद गिरणीत लगद्याला. रोम छापखान्यातल्या तालमूदच्या शिशाच्या पट्ट्या वितळवायला भंगारात विकल्या गेल्या.

कुठलं पुस्तक ठेवायचं आणि कुठलं मारायचं, हे ज्याचं आयुष्य त्या पुस्तकांत गेलं त्याच्याकडून करून घेणं. यात हर्मन क्रुक हा ग्रंथपाल होता, अब्राहाम सुत्स्केव्हर आणि श्मेर्के काचेरगिन्स्की हे कवी होते. त्यांच्यातही वाद झाले. जर्मनीला पाठवलेलं निदान शाबूत राहील, युद्ध संपल्यावर परत मिळवता येईल, असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू म्हणाली, चोरून लपवू. मग ते अंगाभोवती, कपड्यांखाली हस्तलिखितं बांधून घेट्टोच्या फाटकातून आत आणू लागले. पकडलं गेलं तर मार, किंवा त्याहून वाईट. जिथे भाकरी चोरून आणायची तिथे हे कागद आणतात म्हणून लोकांनी त्यांना 'पेपर ब्रिगेड' असं कुत्सित नाव दिलं. आणि त्याच वेळी घेट्टोमध्ये क्रुक एक लायब्ररी चालवत होता. १९४२ च्या डिसेंबरमध्ये तिथून एक लाखावं पुस्तक वाचकाच्या हातात गेलं, म्हणून त्यांनी समारंभ केला. वाचक काय नेत होते? बहुतेक कादंबऱ्या. उद्याची खात्री नसलेली माणसं गोष्टी वाचत होती.

१९४३ च्या सप्टेंबरमध्ये घेट्टो संपवला. क्रुक १९४४ मध्ये एस्टोनियातल्या छावणीत मारला गेला. सुत्स्केव्हर आणि काचेरगिन्स्की जंगलात प्रतिकारकांबरोबर वाचले आणि परत येऊन लपवलेले कागद उकरू लागले. आणि जर्मनीला गेलेल्या पुस्तकांचं काय? पहिली बाजूही अगदीच चूक ठरली नाही. अमेरिकन सैन्यानं फ्रँकफुर्टजवळ ओफेनबाखला लुटीच्या पुस्तकांचं कोठार उभारलं. तिथे तीस लाखांवर वस्तू आल्या. मालक सापडले तिथे परत गेल्या. पण जिथे मालकच उरले नव्हते, अशी सुमारे पाच लाख पुस्तकं एका ज्यू संस्थेनं इस्रायल, अमेरिका आणि इतर देशांतल्या ग्रंथालयांना वाटली. तिची कार्यकारी सचिव होती हॅना आरेन्ट. तीच, राजकीय विचारवंत.

आणखी एक नोंद. युद्धानंतर निर्वासित छावण्यांमधल्या रब्बींनी अमेरिकन सैन्याकडे काय मागितलं? तालमूद. छपाईसाठी जर्मनीत एक पूर्ण संच मिळेना, तो अमेरिकेतून मागवावा लागला. हायडेलबर्गमध्ये एकोणीस खंडांची आवृत्ती छापली गेली आणि ती सैन्याला अर्पण केली. मुखपृष्ठाच्या चित्रात खाली काटेरी तारांची छावणी आहे आणि वर इस्रायलची भूमी. 'संग्रह विकास धोरण' हा शब्द ऐकला की आता मला ते चित्र दिसतं.

आता जरा आपल्या दारात येऊ. कारण या प्रश्नाचं एक मराठी उत्तर आहे, आणि ते कोकणातलं आहे.

बेने इस्रायली लोक कुलाब्याच्या, म्हणजे आताच्या रायगडच्या गावांमधून शतकानुशतकं राहत होते. शनिवारी घाणा बंद, म्हणून 'शनवार तेली'. मराठी बोलणं, गावावरून आडनावं: केहिमकर, राजपूरकर, दिवेकर. शब्बाथ, सुंता, खाण्याचे नियम आणि 'शमा' ही प्रार्थना एवढं जपलं होतं, ग्रंथ मात्र हाताशी नव्हते. कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी काही शिकवलं. आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिशनरी आले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं, बेने इस्रायलींना डोळ्यांपुढे ठेवून. मराठी बायबलही मिशनऱ्यांचंच. म्हणजे बघा, या लोकांना आपलाच धर्मग्रंथ आपल्या मातृभाषेत मिळाला तो त्यांना ख्रिस्ती करू पाहणाऱ्यांच्या हातून. 'जुना करार' या नावानं!

ख्रिस्ती किती झाले? अगदी थोडे. उलट, शिकलेलं हिब्रू वापरून त्यांनी स्वतःची पुस्तकं काढायला सुरुवात केली. १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा छापला गेला. हग्गादा म्हणजे वल्हांडणाच्या रात्री घरात, जेवणाच्या आसनावर, मुलांना इजिप्तमधून सुटकेची गोष्ट सांगायचं पुस्तक. १८७४ मध्ये पुण्यात चित्रांसह आणखी एक निघाला. त्यात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका चक्क लुगड्यांत आहेत. जोसेफ यहेज्केल राजपूरकर या मुख्याध्यापकांनी प्रार्थनांची पुस्तकं एकामागून एक मराठीत आणली. आणि कीर्तनं! अब्राहाम, मोशे, योसेफ यांच्या गोष्टी आपल्या कीर्तनाच्या ढंगात, मराठी पदांतून सांगायची पद्धत या समाजानं सुरू केली. हे भाषांतर शेजारी बसणारं होतं, डाव्या-उजव्या बाजूला हिब्रू ठेवून. अलेक्झांड्रियात जे ग्रीकमध्ये झालं, ते इथे मराठीत झालं: गरज होती ती समाजाची स्वतःची, राजाची नव्हे.

तर आमची यादी. १) अमेरिकेतल्या ज्यू पब्लिकेशन सोसायटीचा तनाख, हिब्रू-इंग्रजी समोरासमोर, पूर्ण भाषांतर १९८५ चं, सरळ आजच्या इंग्रजीत. २) रॉबर्ट आल्टरचं २०१८ मध्ये पूर्ण झालेलं एकट्याचं भाषांतर, ते पहिल्याशी भांडतं, म्हणूनच हवं. मूळच्या वाक्यांची लय आणि पुनरुक्ती ते सपाट करत नाही. ३) टीकेसह तोरा: १९९३ चा स्टोन खुमाश, पूर्ण पारंपरिक दृष्टीचा. पुढे कधी पैसे आले तर सुधारणावादी पंथाचा प्लाउट (१९८१) किंवा मधल्या वाटेचा एत्झ हायीम (२००१) त्याच्या शेजारी. ४) मिश्ना: हर्बर्ट डॅनबीचा, १९३३. डॅनबी अँग्लिकन पाद्री होते, तरी काम इतकं चोख की आजही वापरात आहे. ५) तालमूदचा एकच खंड, ब्रखोत, कोरेन प्रकाशनाचा, स्टाइनसाल्ट्झ यांच्या भाष्यासह. पूर्ण संच बेचाळीस खंडांचा आहे. ज्या फळीवर सहा पुस्तकं, तिथे तो हट्ट नको. शिवाय २०१७ पासून हेच भाषांतर सेफारिया या संकेतस्थळावर फुकट आहे. हे संकेतस्थळ सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक गूगलमधला माजी कर्मचारी. कुठल्याही ओळीवर टिचकी मारली की तिच्यावर शतकानुशतकं कोण काय बोललं ते बाजूला उघडतं. बॉमबर्गचं पान, पण स्क्रोल होणारं!

एक नियमही यादीला जोडला. पुस्तकं जुनी झाली की वाचनालयं ती रद्दीत काढतात. देवाचं नाव असलेला हिब्रू मजकूर ज्यू लोक टाकत नाहीत, आधी साठवतात आणि मग दफन करतात. कैरोच्या एका सभागृहात असे कागद हजार वर्षं साठत गेले. सॉलोमन शेख्टरनं १८९६-९७ मध्ये ते केंब्रिजला नेले तेव्हा ज्यूंच्या मध्ययुगाचा इतिहास नव्यानं लिहावा लागला. आपल्याकडे जीर्ण पोथी नदीत सोडतात, तीच भावना. तेव्हा या फळीवरचं पुस्तक फाटलं तर रद्दीवाल्याला नाही, जवळच्या सिनेगॉगला फोन.

सहावी जागा मी रिकामी ठेवली आहे. तिथे मराठी हग्गादा हवा. तो दुकानात मिळत नाही, ऑनलाइन ऑर्डर करता येत नाही. जुन्या प्रती आता परदेशातल्या संग्रहांत जपून ठेवलेल्या असतात, नाहीतर कुणाच्या तरी माळ्यावर. तेव्हा मंडळी, अलिबाग, पेण, पनवेल, ठाणे, भायखळा या भागात कुणाकडे, कुणाच्या शेजाऱ्याकडे, कुणा इस्रायलला गेलेल्या कुटुंबानं मागे ठेवलेल्या ट्रंकेत असं मराठी-हिब्रू पुस्तक असेल, तर ते विकू नका, टाकू नका. मालकाची परवानगी घेऊन पान न् पान स्कॅन करू. स्कॅनर माझा, शनिवार सोडून कुठलाही दिवस तुमचा.